खेकड्याची भावकी

मृग नक्षत्र लागून पहिला दमदार पाऊस झाला, की माळावर आणि शेताच्या बांधावर मखमली लाल अंगाचा एक जीव चालताना दिसू लागतो. तो मृगाचा किडा. पाऊस खरोखरच लागल्याची ती खूण मानतात आणि लहान मुलं त्याला काडेपेटीत ठेवून मिरवतात. एवढा मान मिळवणारा हा किडा शास्त्राच्या हिशेबात मात्र कीटक नाही. त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या, गोचिडीच्या गोतातला. गंमत अशी, की अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात, आणि त्या वयात तो नाकतोड्यासारख्या खऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस शोषत वाढतो.

म्हणजे नुसते पाय मोजायचे म्हटले तरी फसगत होऊ शकते. तरीही शाळेत शिकवलेली कसोटी वाईट नाही. डोकं, छाती आणि पोट असे शरीराचे तीन स्पष्ट भाग, डोक्यावर स्पृशांची एक जोडी, छातीला पायांच्या तीन जोड्या, आणि बहुतेकांना तिथेच पंखांच्या एक किंवा दोन जोड्या. पाय आणि पंख सगळे छातीला, पोटाला काही नाही. या चाळणीतून मुंगी, माशी, ढेकूण, ऊ, झुरळ, फुलपाखरू, भुंगा पार होतात. कोळी आणि विंचू गळतात, कारण त्यांचे पाय आठ आणि स्पृशा अजिबात नाहीत. गोम गळते, तिच्या प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी असते. पावसाळ्यात दारात वेटोळं करून बसणारा पैसा किडा गळतो, त्याच्या बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात.

चाळणी लावली, नावं ठरली. पण या चाळणीतून गळालेल्यांपैकी कीटकांच्या सर्वांत जवळचं कोण?

कार्ल लिनियसने 1758 साली प्राण्यांची जी मोठी मांडणी केली, तिच्यात त्याने कीटकांच्या वर्गात पंख नसलेल्यांचा एक गट पाडला होता. त्यात उवा आणि पिसवा होत्या, कोळी आणि विंचू होते, गोम होती आणि चक्क खेकडाही होता. पुढच्या अभ्यासकांना हा गोंधळ वाटला. त्यांनी खेकडे, कोळंबी, शेवंड यांना कवचधारी म्हणून वेगळं काढलं, कोळी-विंचवांचं वेगळं घर केलं. उरला प्रश्न गोमेचा. गोम जमिनीवर राहते, कीटकांसारखीच अंगभर पसरलेल्या नळ्यांनी श्वास घेते, तिलाही स्पृशांची एकच जोडी असते. तेव्हा गोम हीच कीटकाची सख्खी चुलत बहीण, असं विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. ते पटण्यासारखंही होतं.

1990 नंतर नाती ठरवायला डीएनए वापरला जाऊ लागला आणि हे चित्र मोडलं. 2010 मध्ये संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, प्राण्यांच्या 75 जातींमधली 62 जनुकं ताडून पाहिली गेली, तेव्हा कीटक गोमेशेजारी न बसता थेट कवचधाऱ्यांच्या कुळात जाऊन बसले. शेजारी म्हणून नव्हे, त्या कुळाचीच एक फांदी म्हणून. पक्षी हे जसे डायनोसॉरांच्या कुळात जन्मले, तसे कीटक हे कोळंबी-खेकड्यांच्या कुळात जन्मले. गोमेचं कीटकांशी असलेलं साम्य वरवरचं निघालं. दोघांनी वेगवेगळ्या वेळी समुद्र सोडला, आणि जमिनीवर श्वास घ्यायचा तर नळ्या हव्यात हा एकच तोडगा दोघांनी स्वतंत्रपणे काढला.

सर्वांत जवळचा नातेवाईक कोण, याचं उत्तर तर आणखी विचित्र आहे. बहामा बेटांच्या जमिनीखाली समुद्राचं पाणी भरलेल्या गुहा आहेत. तिथल्या एका गुहेत सापडलेल्या एका आंधळ्या, फिकट, लांबट जीवाचं वर्णन 1981 साली जिल येगर यांनी प्रसिद्ध केलं. अंगभर वल्ह्यांसारखे पाय आणि पोहण्याची पद्धत उताणी. रेमिपीड असं या गटाचं नाव. आज माहीत असलेल्या पुराव्यानुसार कवचधाऱ्यांमध्ये कीटकांना सर्वांत जवळचे हेच. 2014 मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांनी मिळून 1478 जनुकांच्या आधारे कीटकांची वंशावळ मांडली. तिच्यानुसार कीटकांचा उगम सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्यांना पंख फुटले सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी. पुढे उडणारे सरीसृप येईपर्यंत, पंधरा कोटींहून जास्त वर्षं, आकाशात कीटकांशिवाय कुणी नव्हतं.

हे नातं आपल्या शरीरालाही कळतं. कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठणाऱ्या काही लोकांना झुरळांची आणि धुळीतल्या सूक्ष्म किडींचीही ॲलर्जी असते. या सगळ्यांच्या स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन जवळपास सारखंच असतं. आपली प्रतिकारशक्ती ते ओळखते, ते कुठल्या जीवाचं आहे हे तिला वेगळं काढता येत नाही. आणि तळलेल्या टोळांचं नुसतं नाव काढलं तरी तोंड फिरवणारी मंडळी सोड्यांच्या खिचडीवर ताव मारतात, तेव्हा ती कीटकांच्या भावकीतच जेवत असतात. अर्थात हे त्यांना जेवताना सांगू नये.

समुद्रातून आलेल्या या कुळाने जमीन व्यापली आणि समुद्र मात्र जवळजवळ सोडून दिला. खुल्या महासागरावर जगणारे कीटक म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून धावणारे हॅलोबेटिस वंशातले पाच जातींचे ढेकूणवर्गीय कीटक, बस. जमिनीवर मात्र आजवर वर्णन झालेल्या जातींचा आकडा दहा लाखांच्या आसपास आहे आणि खरा आकडा पन्नास लाखांच्या पुढे असावा असा अंदाज आहे. त्यातले सुमारे चार लाख नुसते भुंगेरे. भंडारदऱ्याला जूनच्या तोंडावर ज्यांच्यासाठी गाड्यांच्या रांगा लागतात ते काजवेही भुंगेरेच, माशीवर्गाशी त्यांचा संबंध नाही.

या यशाची कारणं मोजताना लोक पंखांपासून सुरुवात करतात. माझ्या मते निम्मं श्रेय रूपांतराला द्यायला हवं. नाकतोड्याचं पिल्लू जन्मतःच नाकतोड्यासारखं दिसतं आणि कात टाकत टाकत मोठं होतं. फुलपाखराचं, भुंगेऱ्याचं, माशीचं, मधमाशीचं तसं नाही. अंडं, अळी, कोष आणि मग प्रौढ. अळीने पानं कुरतडायची, फुलपाखराने मध शोषायचा. आई आणि मूल एकाच ताटात जेवत नाहीत, त्यामुळे त्यांची आपसात स्पर्धा नाही. ज्ञात कीटकांपैकी पाचात चार जाती या पूर्ण रूपांतर करणाऱ्या गटांतल्या आहेत, हा योगायोग नसावा.

मर्यादा आहे ती आकाराची. कीटकाच्या अंगाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, तिथून निघालेल्या नळ्या फाटे फुटत थेट पेशींपर्यंत हवा पोहोचवतात. रक्ताकडे प्राणवायू वाहण्याचं काम सहसा नसतंच. लहान शरीराला ही व्यवस्था उत्तम, पण शरीर वाढलं की नळ्याच फार जागा खाऊ लागतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, हवेत प्राणवायूचं प्रमाण आजच्यापेक्षा बरंच जास्त होतं तेव्हा, चतुराच्या जवळच्या गोतातला मेगान्यूरा नावाचा कीटक होता. त्याच्या पंखांचा विस्तार दोन फुटांहून जास्त. फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत त्याचे अवशेष सापडले. आज तेवढा कीटक नाही. त्यामागे प्राणवायू हे एक कारण मानलं जातं, दुसरं म्हणजे पुढे आकाशात आलेले पक्षी.

रूपावरून नातं ठरवण्याचा धोका आपल्या अंगणातही आहे. वाळवी आणि मुंगी घ्या. दोघी वसाहत करून राहतात, दोघींत राणी असते, कामकरी असतात, सैनिक असतात. सहज पाहणाऱ्याला त्या बहिणी वाटतात. पण मुंगी ही गांधीलमाशीच्या कुळातली, जमिनीवर उतरून पंख गमावलेली. म्हणूनच राणीमुंगीला आणि नराला मिलनाच्या दिवसापुरते पंख असतात. वाळवी मात्र झुरळ आहे. झुरळासारखी नव्हे, झुरळच. 2007 साली लंडनच्या संशोधकांनी वाळवी आणि झुरळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वाळवीचा स्वतंत्र गण रद्द करावा, असं शीर्षकातच सुचवलं. तो आता झुरळांच्या गणात विलीन झाला आहे.

शंका तशी जुनीच होती. उत्तर अमेरिकेच्या आणि पूर्व आशियाच्या जंगलांत कुजक्या ओंडक्यांत राहणारं एक झुरळ आहे, क्रिप्टोसर्कस. ते लाकूड खातं, कुटुंब करून राहतं. लाकूड पचवणारे एकपेशीय जीव त्याच्या आतड्यात असतात आणि आईबाप आपल्या गुदद्वारातून स्रवणारा द्रव पाजून ते पिल्लांना देतात. हे ऐकायला किळसवाणं आहे, पण एकत्र कुटुंबाची सुरुवात तिथेच झाली असावी. जी पिल्लं घर सोडून गेली, त्यांना पचनाचं हे भांडवल मिळत नसे. वाळवीच्या समाजाचं मूळ असं पोटात आहे. मुंग्यांच्या समाजाची घडण पूर्णपणे वेगळी. मुंग्यांत कामकरी सगळ्या माद्या असतात आणि नर मिलनानंतर मरतो. वाळवीत कामकऱ्यांत नरही असतात, माद्याही असतात, आणि राणीच्या शेजारी राजा आयुष्यभर राहतो.

नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते ते बांधलेलंही वाळवीनेच. आपल्याकडच्या या वारूळ बांधणाऱ्या वाळव्यांपैकी अनेकींनी लाकूड पचवण्याचं काम पोटातून काढून घराबाहेर, खरं तर घरातच, दुसऱ्याकडे सोपवलं आहे. वारुळाच्या आत चघळलेल्या पालापाचोळ्याचे स्पंजासारखे गड्डे रचून त्यांवर त्या एक बुरशी वाढवतात. बुरशी काष्ठ फोडते, वाळवी ती बुरशी आणि मऊ झालेला गड्डा खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षं जुनी आहे. माणसाची शेती फार तर बारा हजार वर्षांची. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वारूळ फोडून वर येतात. कोकणात त्या अळंबी म्हणून आणि गोव्यात अळमी म्हणून रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकल्या जातात. ही अळंबी शेतात लावून पिकवता येत नाही, कारण तिला शेतकरी म्हणून वाळवीच लागते.

इथून पुढचा प्रश्न भावकीचा उरत नाही. रक्ताचा काडीइतकाही संबंध नसलेल्या जीवांशी कीटकांनी जे करार केले आहेत ते अधिक गुंतागुंतीचे आहेत, आणि त्यांतला सर्वांत अजब करार दत्ताच्या देवळासमोर उभा असतो.

उंबर फोडून पाहू नये असं घरी सांगितलेलं असतं, कारण आत किडे निघतात. निघायलाच हवेत. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो ती बाहेरून बंद असलेली पिशवी आहे आणि तिच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक फुलं लागलेली असतात. उंबराचं फूल दिसत नाही याचं कारण एवढंच, की ते आतून फुलतं. पिशवीच्या टोकाशी खवल्यांनी जवळजवळ बंद झालेलं एक छिद्र असतं. आतली स्त्रीफुलं तयार झाली की उंबर एक गंध सोडतो, आणि दोनेक मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी तो हुंगत येते. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स तिचं नाव. ती त्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तुटतात, स्पृशाही मोडतात. परत फिरण्याचा प्रश्न मिटला.

आत गेल्यावर ती छातीवरच्या खिशांत भरून आणलेले पराग फुलांवर टाकते. हे काम तिच्याकडून चुकून होत नाही, ती ते मुद्दाम करते. मग काही फुलांच्या बीजांडात एकेक अंडं घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडं पडलं त्यांत तिची संतती वाढते, बाकीच्यांत उंबराचं बी तयार होतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. अजून आपापल्या फुलात कोंडलेल्या माद्यांशी ते तिथेच मीलन करतात, पिशवीची भिंत कुरतडून बाहेर पडायचा बोगदा खणतात आणि मरतात. पिशवीच्या बाहेरचं जग त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. तेवढ्यात उंबरातली पुरुषफुलं उमललेली असतात. माद्या त्यांचे पराग खिशांत भरतात आणि नरांनी खणलेल्या बोगद्यातून बाहेर पडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात योग्य अवस्थेतला दुसरा उंबर सापडला पाहिजे. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे ते झाड दुसरं असावं लागतं. गावात राखलेला एकच औदुंबर पुरत नाही. दूरदूर पसरलेली, वेगवेगळ्या महिन्यांत फळणारी बरीच झाडं असली तरच ही साखळी चालू राहते.

वड, पिंपळ, उंबर मिळून या वंशात जगभर साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेक प्रत्येकीची स्वतःची वेगळी गांधीलमाशी आहे. करार कोट्यवधी वर्षं टिकलेला आहे. पण तो दोघांपुरता राहिलेला नाही. उंबराच्या बाहेर बसून, अंगापेक्षा लांब सुईसारखा अंडनिक्षेपक सालीतून आत खुपसणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही आहेत. त्या पराग आणत नाहीत, आत वाढणाऱ्या अळ्यांवर आपली अंडी घालतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा एका माशीची ही सुई सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिच्या टोकाला जस्त आढळलं. केसापेक्षा बारीक गिरमिटाला धातूची धार. या घुसखोरांना टिपायला मुंग्या उंबरावर फिरत असतात. नंतर उंबर पिकून लाल झाला की धनेश, वटवाघळं, माकडं येतात आणि बिया दूर नेऊन टाकतात.

जैन आचारात वड, पिंपळ, उंबर यांच्यासह पाच उदुंबरफळं वर्ज्य आहेत, त्यांत जीव असतात म्हणून. सूक्ष्मदर्शक नसताना केलेलं हे निरीक्षण अचूक आहे. पुरंदरच्या अंजिराबाबत मात्र शंकेचं कारण नाही, पुण्याकडे लावली जाणारी जात परागीभवनाशिवाय फळते, तिला माशी लागत नाही.

दत्ताचा विषय निघालाच आहे तर त्याच्या गुरूंकडे वळायला हरकत नाही. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू सांगितले आणि परंपरेने हा अवधूत म्हणजे दत्त मानला. त्या चोवीसांत मधमाशी आहे, दिव्यावर झेपावणारा पतंग आहे आणि कुंभारीण माशीही आहे. कुंभारीण एक किडा पकडून मातीच्या घरात कोंडते. तो भयाने तिचंच ध्यान करत राहतो आणि शेवटी तिचंच रूप घेऊन बाहेर पडतो, असा तो दृष्टान्त. आपल्या संतवाङ्मयात भ्रमर आणि कीटक या नावाने तो पुन्हा पुन्हा येतो.

निरीक्षण म्हणून यात कुठेही चूक नाही. अळी आत जाते, घर बंद होतं, काही दिवसांनी घर फोडून कुंभारीण बाहेर येते. मधल्या अंधारात काय घडतं तेवढंच दिसत नव्हतं. माशी अळीला नांगी मारून लुळी करते, ठार मारत नाही, कारण मेलेली अळी कुजेल. मग तिच्या शेजारी आपलं अंडं ठेवून घर लिंपते. अंड्यातून निघालेलं पोर त्या जिवंत शिदोरीवर वाढतं. काही कुंभारणी अळ्यांऐवजी कोळी भरून ठेवतात. खिडकीच्या कोपऱ्यातलं मातीचं घर फोडलं तर आत हालचाल करू न शकणारे सात-आठ कोळी सापडू शकतात.

दुसऱ्या कीटकाच्या अंगावर किंवा अंगात वाढून शेवटी त्याला संपवणाऱ्या अशा जातींची संख्या प्रचंड आहे. त्यांतली एक, ट्रायकोग्रामा, आपल्याकडे कार्डावर चिकटवून विकली जाते. ती अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते आणि पतंगांच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. शेतकी पुस्तकं तिला मित्रकीटक म्हणतात. मावा हा शत्रू. पण माव्याच्या अंगातून गळणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला येणाऱ्या ढालकिड्याला हुसकावतात. मुंगी मग कुठल्या रकान्यात टाकायची? उंबरावर तीच राखणदार होती. आणि झाडाचा रस शोषणाऱ्या माव्याचीच दूरची भावंडं असलेले लाखेचे किडे पळसावर आणि कुसुमावर मुद्दाम वाढवले जातात.

शत्रू ठरवण्यात गल्लत झाली की किंमत मोजावी लागते, हे मुंबईने पाहिलं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीतल्या रुग्णांचा ताप हा प्लेग आहे हे मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं. उपाय म्हणून घरं धुतली गेली, चुना मारला गेला, सामान जाळलं गेलं, आणि पुढच्या वर्षी पुण्यात घराघरांत शिरून जो जुलूम झाला तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. रोग कसा पसरतो हे तेव्हा कुणालाच कळलेलं नव्हतं. जून 1898 मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर आणि एक निरोगी उंदीर एकाच मोठ्या बरणीत ठेवले, पण स्पर्श होणार नाही असे वेगळे. निरोगी उंदीर प्लेगनेच मेला. हे निष्कर्ष बरीच वर्षं कुणी मानले नाहीत. नंतर मुंबईतच प्लेग आयोगाने प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिग ठेवून पडताळा घेतला. बारीक जाळीने झाकलेले किंवा पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेले वाचले, बाकीचे मेले.

यात पिसवेचा डाव काहीच नव्हता. 1914 मध्ये उलगडलं की प्लेगचे जंतू तिच्या अन्नमार्गात गाठ करून बसतात. प्यायलेलं रक्त पोटात उतरत नाही, ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते, आणि अडलेलं रक्त जंतूंसह परत जखमेत जातं. उंदीर मेला की ती माणसाकडे येते. जंतूंनी तिचा वाहन म्हणून उपयोग केलेला असतो आणि शेवटी तीही उपासमारीने मरते.

विदर्भातल्या कापसाच्या शेतात हे सगळे धागे एका जागी येतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सापडणारा जिवाणू अळ्यांच्या आतड्याला भोकं पाडणारं विष तयार करतो. जपानमध्ये 1901 मध्ये तो प्रथम रेशमाच्या किड्यांचा रोग म्हणून नजरेस आला. त्याचं विष बनवणारं जनुक कापसात घालून बीटी कापूस तयार झाला, भारतात त्याला 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये आलं. हिरव्या बोंडअळीवर ते चाललं. ही हिरवी अळी तुरीवरही असते, आणि हरभऱ्यावर गेली की तिलाच घाटेअळी म्हणतात. तिच्या पुष्कळ पिढ्या बीटीच्या विषाशी गाठ न पडता दुसऱ्या पिकांवर वाढतात, त्यामुळे विष पचवण्याची ताकद तिच्यात सहजी साठत नाही.

गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. ती जवळजवळ फक्त कापसावर जगते. सगळीकडे बीटीच असेल तर तिच्या प्रत्येक पिढीची त्याच विषाशी गाठ पडते आणि ज्या वाचतात त्यांचीच पोरं पुढे येतात. म्हणून 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम साधं बियाणं दिलं जाई, शेताच्या कडेने लावायला. विष न पचवणाऱ्या अळ्याही तिथे जगाव्यात आणि पुढे त्यांचा विष पचवणाऱ्यांशी संकर व्हावा, हा हेतू. किडीसाठी मुद्दाम रान राखायचं ही गोष्ट शेतकऱ्याला पटवून द्यायला कुणी बसलं नाही, आणि ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहिली. त्यात पाणी असलेल्या शेतांत कापूस डिसेंबरनंतरही फरदड म्हणून उभा ठेवला गेला, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, असं गावोगाव झालं. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या बंद राहिलेल्या डोमकळ्या दिसू लागल्या तेव्हा अळी आत पोहोचलेली होती आणि वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत जात नव्हतं.

आता हंगामात कापसाच्या शेतांत कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाची नक्कल केलेली गोळी त्यात असते आणि नर पतंग येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजतात. ट्रायकोग्रामाची कार्डं त्याआधी लावावी लागतात, कारण फवारणी झाली की तीही मरते.